दहा दिवसांची विपश्यना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रजा बारा दिवसांची मागा. विपश्यना हा ध्यानाचा एक प्रकार, तो मौन पाळून शिकवतात त्याला सगळे 'दहा दिवसांचं शिबिर' म्हणतात, म्हणून मी ऑफिसात दहाच दिवस मागितले आणि नंतर साहेबांपुढे पुन्हा तोंड वेंगाडत जावं लागलं. आदल्या दिवशी दुपारी पोहोचायचं असतं, त्या संध्याकाळी मौन सुरू होतं, मग पूर्ण दहा दिवस, आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी. बारा तारखा गेल्या. घरी परतल्यावर एक दिवस मोकळा ठेवता आला तर उत्तम, कारण त्या दिवशी मिक्सरचा आवाजही सहन होत नाही.

'वर्तमानात जगा' असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोसकट हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर येतोच. पण बसायचं कुठे, बघायचं काय, किती वेळ, आणि मन पळालं की करायचं काय, हे त्या गुलाबावर लिहिलेलं नसतं. मला ते इगतपुरीच्या शिबिरात कळलं, आणि फार साध्या शब्दांत: नाकपुडीच्या कडेशी लक्ष ठेवा, श्वास आत जातोय की बाहेर येतोय तेवढं बघा. वर्तमान म्हणजे काहीतरी भव्य असणार अशी माझी समजूत होती. निघालं ते बोटभर जागेत मावणारं.

हे आलं कुठून

शिबिरात दहा दिवस ज्यांचा आवाज कानावर पडतो ते सत्यनारायण गोएंका. १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले इथे मारवाडी व्यापारी कुटुंबात जन्मलेले. त्यांना जबर अर्धशिशी होती, त्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ मध्ये ते रंगूनला ध्यान शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकायला बसले. ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. मी स्वतः अकाउंट्समधली, त्यामुळे हा तपशील कळल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला. केवळ डोकं बरं व्हावं म्हणून येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी गोएंकांना आधी बजावलं होतं. बीपी, पाठदुखी किंवा झोपेचा इलाज म्हणून निघालेल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, त्याच वर्षी जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं, आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये ते गेले. सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात होतात. समोर बसलेले सहायक आचार्य फारसं बोलत नाहीत.

आधी दोन आठवडे घरी

केंद्राची अशी काही अट नाही, ही माझी सूचना आहे. कधीच न बसलेला माणूस एकदम दिवसाला दहा तास बसायला जातो तेव्हा पहिले दोन दिवस नुसते कंबर सावरण्यात जातात.

रोज दहा मिनिटं पुरेत. दात घासून झाल्यावर, चहाच्या आधी. चहानंतर बसू म्हणालात की पेपर येतो, फोन येतो, संपलं. सोफ्यावर नको, त्यात माणूस रुततो. सतरंजीची घडी घाला, बुडाखाली एक टणक उशी घ्या म्हणजे गुडघे आपोआप खाली येतात. मांडी घालता येत नसेल तर साधी लाकडी खुर्ची घ्या, पाठ मात्र टेकू नका. डोळे मिटा, तोंड मिटा.

आता नाकपुड्यांच्या तोंडाशी लक्ष न्या. श्वास आत येतो तो किंचित गार लागतो, बाहेर जातो तो कोमट. कधी डावीकडून जास्त वाहतो, कधी उजवीकडून. एवढंच बघायचं आहे. खोल श्वास घ्यायचा नाही, हा प्राणायाम नव्हे. मोजायचं नाही, नाम घ्यायचं नाही, समोर ज्योत किंवा मूर्ती आणायची नाही. श्वास जसा आहे तसा. याला आनापान म्हणतात.

चौथ्या-पाचव्या श्वासाला मन पसार होईल. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, पोराची फी भरायची आहे. गेलंय हे कळलं की परत या. स्वतःवर चिडू नका, कारण चिडणं म्हणजे आणखी एक फेरफटका. श्वास अगदीच सापडेनासा झाला तर एक-दोन श्वास थोडे जोरात घ्या, जागा सापडली की पुन्हा सोडून द्या.

दोन आठवड्यांत शांत वगैरे वाटणार नाही. दहा मिनिटं किती लांब असतात हे मात्र नक्की कळेल.

अर्ज

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. इगतपुरीच पाहिजे असा हट्ट नको. पुण्यात स्वारगेटजवळ आणि आळंदीच्या बाजूला मरकळला केंद्रं आहेत, नाशिक, नागपूर, धुळे, कोल्हापूर, गोराई इथेही आहेत. शिक्षण सगळीकडे एकच, वेळापत्रकही तेच. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या जागा फार लवकर भरतात. जागा मिळाल्यावर जाणं रद्द झालं तर वेळेत कळवा, मागे प्रतीक्षायादी असते.

फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्यांनी नंतर दिलेल्या दानावर पुढच्यांची सोय होते. ज्याने शिबिर केलेलं नाही त्याच्याकडून दान घेतच नाहीत, त्यामुळे जाताना पाकीट घेऊन देणगीची पावती मागू नका.

अर्जात तब्येतीचे प्रश्न असतात, त्यात मनाच्या आजारांचेही. तिथे खरं लिहा. मानसोपचाराची औषधं चालू असतील, पूर्वी कधी मोठा त्रास झाला असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जातही तसं लिहा. दहा दिवस कुणाशी न बोलता स्वतःच्या डोक्यात बसणं सगळ्यांना मानवत नाही, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये असं ते स्वतःच सांगतात. जागा जाईल म्हणून लपवणारे असतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. नेहमीची औषधं बंद करू नका, बरोबर न्या.

पिशवी आणि गाडी

सैल, पूर्ण अंग झाकणारे कपडे. बायकांना सलवार-कमीज आणि ओढणी सगळ्यात सोयीची, पुरुषांना लेंगा-झब्बा किंवा ढगळ पँट. हॉलमध्ये पहाटे गार असतं, शाल न्याच. चादर, टॉवेल, टॉर्च, पाण्याची बाटली, ओळखपत्र, साधं गजराचं घड्याळ. घड्याळ विसरू नका, कारण फोन पहिल्याच दिवशी जमा होतो. सुगंधी तेल, अत्तर नको. वही-पेन, पुस्तक, जपमाळ हेही चालत नाही. अंगावरचे गंडे-दोरे शक्यतो घरी ठेवून या.

पावसाळ्यात इगतपुरीला जात असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्त घ्या. घाटमाथ्यावरचा पाऊस आहे, दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओलाच राहतो. मुंबईहून लोकल कसाऱ्यापर्यंतच जाते. पुढे थळ घाट चढून मेल-एक्सप्रेस किंवा कसाऱ्याहून शेअर जीप. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'विपश्यना' एवढं म्हटलं तरी पुरतं.

पोहोचाल त्या संध्याकाळी पाच शीलं, म्हणजे पाच नियम पाळायचं वचन, घेतात: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. मग आर्य मौन. यात खाणाखुणा, डोळ्यांनी बोलणंही बसत नाही. व्यवस्थापकांना अडचण आणि आचार्यांना साधनेचा प्रश्न, हे हळू आवाजात विचारता येतं. गरम पाणी येत नसेल तर मौन पाळत कुडकुडू नका, सांगा. मी दोन दिवस कुडकुडले.

पहिले तीन दिवस

चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक बैठक, नंतर अकरापर्यंत ध्यान, अकराला जेवण. एक ते पाच पुन्हा ध्यान, त्यातली अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा, मुरमुरे, एखादं फळ. सहा ते सात बैठक, सातला प्रवचन, त्यावर आणखी एक छोटी बैठक, साडेनऊला दिवे बंद. नव्यांना पाचचं खाणं मिळतं, जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. हे पाहून पहिल्या दिवशी मला नवखेपणाचा अभिमान वाटला होता.

अकराचं जेवण हे दिवसातलं शेवटचं मोठं जेवण, म्हणून सगळे दाबून जेवतात. तसं जेवू नका. एक ते अडीच ही दिवसातली सगळ्यात जड वेळ, आणि ती कशी जाणार हे तुमची तिसरी पोळी ठरवते. जेवल्यावर वीस मिनिटं चाला. आठवडाभर नुसतं बसून पोट रुसतं, त्यालाही चालण्यानेच बरं वाटतं.

साधना म्हणाल तर तीन दिवस फक्त आनापान. बघायची जागा दिवसागणिक लहान होत जाते, तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, बोट ठेवाल तेवढीच उरते. तिथे खाज, ऊब, गारवा, ठोके, जे लागेल ते.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट सांगते. एकला बसले. सात-आठ श्वास नीट दिसले. मग आठवलं पितळी घंगाळ. आई गेल्यावर ते वहिनीने नेलं होतं, मला न विचारता. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा गप्प बसले होते. त्या दुपारी मात्र गप्प बसले नाही. वहिनीला काय काय सुनावलं, ती काय म्हणाली, त्यावर मी काय ठेवून दिलं, दादाने मध्ये पडायचा प्रयत्न केला तर त्यालाही. शेजारच्या काकूंना साक्षीला बोलावलं. खटला अगदी रंगात आला आणि कुणीतरी खोकलं. डोळे उघडून घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं झाली होती. एवढा वेळ मी डोंबिवलीच्या त्या खोलीत होते. श्वास इथे इगतपुरीत चालू होता, माझ्यावाचून.

असा एखादा खटला तुमचाही निघेल. त्यात न्याय मिळवत बसू नका. कितीदाही जिंकला तरी तारीख पडतेच. 'गेले होते' एवढं म्हणा आणि त्या बोटभर जागेत परत या. संध्याकाळपर्यंत असं दोनशे वेळा झालं तर दोनशे वेळा परत आलात, हिशेब बरोबर आहे. चाळीस मिनिटांच्या ऐवजी पाच मिनिटांत कळायला लागलं, की सराव लागू पडतोय असं समजा. मन जायचंच बंद झालं पाहिजे अशी अपेक्षा ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी रडाल. बरेच जण रडतात. तेही चालतं.

चौथा दिवस आणि गुडघा

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. आता लक्ष डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत फिरवायचं, एकेका भागावर काय जाणवतंय ते बघायचं आणि पुढे सरकायचं. मुंग्या, जडपणा, घाम, कपड्याचा स्पर्श, काहीही. काहीच जाणवलं नाही तर मिनिटभर थांबून पुढे. जाणवलेलं आवडो, न आवडो, धरून ठेवायचं नाही आणि ढकलायचंही नाही. ते बदलतंय तेवढं बघायचं. 'अनिच्च' हा पालीतला शब्द, म्हणजे अनित्य, इतक्यांदा कानावर पडतो की जेवणाच्या रांगेतही ऐकू येतो.

याच दिवसापासून रोजच्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात: तासभर हात, पाय आणि डोळे उघडायचे नाहीत. पहिल्यांदा हे कुणालाच जमत नाही, आणि न जमल्याबद्दल कुणी शिक्षा करत नाही.

पाचव्या दिवशी अडीचच्या बैठकीत माझा डावा गुडघा पेटला. पस्तिसाव्या मिनिटाला वाटलं की हा आता तुटणार. सांगितलं होतं तसं पळून न जाता त्यातच बघायला गेले. गुडघ्याच्या वाटीखाली एक गरम टोचणी होती, सुईच्या टोकाएवढी. मांडीच्या मागे ताण होता, तो कमी-जास्त होत होता. आणि तिसरं, 'अजून किती वेळ, अजून किती वेळ' ही घरघर. ही तर गुडघ्यात नव्हतीच. आणि दुखण्यातला मोठा वाटा तिचाच होता. टोचणी आत्ताची होती, घरघर मात्र पुढच्या पंचवीस मिनिटांची. फरक कळल्यावर ती थांबली असं नाही, पण तिला गुडघा म्हणणं मी सोडलं. घंटा झाल्यावर पाय लांब केला, दोन मिनिटांत दुखणं नाहीसं.

खरोखर अधू गुडघा, मणक्याचा त्रास, ऑपरेशन झालेलं असेल तर ही मर्दुमकी नको. खुर्ची मागा, देतात. हॉलच्या मागच्या रांगेत खुर्च्याच असतात.

सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं. कुणाला दुसऱ्या दिवशी, मला सहाव्या दिवशी दुपारी. बॅग कुठे ठेवलीय, फोन परत कसा मागायचा, सगळं आखून झालं होतं. शिबिर पूर्ण करण्याचं वचन आपण सुरुवातीलाच दिलेलं असतं. तरी अगदी असह्य झालं तर दुपारी बारा ते एक आचार्यांना भेटता येतं, त्याच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी नाव द्या. प्रश्न साधनेचा विचारा. 'आत्मा असतो का' असलं विचारणाऱ्यांना ते हसून परत पाठवतात, 'झोप येते, काय करू' याला मात्र नीट उत्तर मिळतं. झोप आली तर उभं राहा, तोंडावर पाणी मारा, थोडं चाला.

उलट सातव्या-आठव्या दिवशी एखाद्याच्या अंगभर गोड झिणझिण्या वाहू लागतात आणि तो उरलेले दिवस त्या परत बोलावण्यात घालवतो. घंगाळ आणि झिणझिण्या यांत तसा फरक नाही. दोन्हीकडे आत्ता काय चाललंय हे बघायचं राहूनच जातं.

दहावा दिवस आणि घर

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. बायकांच्या बाजूला तो गलका ऐकून मला स्टेशन आठवलं. नऊ दिवस ज्या बाईला मी मनात 'खोकलेवाली' म्हणत होते ती सोलापूरची शिक्षिका निघाली, आणि तिने माझं नाव 'उसासेवाली' ठेवलं होतं. फोन मिळाल्यावर लगेच सगळे मेसेज उघडू नका. घरी एक फोन करा आणि बंद ठेवा.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. मला पहिला महिना जमलं. मग सकाळचाच तास राहिला, मग अर्धा. न जमणाऱ्या दोन तासांची खंत करत काहीच न करण्यापेक्षा वीस मिनिटं बरी, असं माझं मत. ते आचार्यांना पटणार नाही. बऱ्याच गावांत जुन्या साधकांची आठवड्याची सामूहिक बैठक असते, ती शोधा. एकट्याने बसण्यापेक्षा ते सोपं जातं.

ज्यांना बारा दिवस निघतच नाहीत, घरी आजारी माणूस आहे, लहान मूल आहे, त्यांनी मुंबईत गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात एकदा जाऊन यावं. एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली सुमारे ८,००० माणसं बसू शकतात, आणि तिथे येणाऱ्यांना थोडा वेळ आनापान मोफत शिकवतात. तेवढं घेऊन घरी दहा मिनिटांचा नेम सुरू करता येतो.

बाकी दिवसभरासाठी मी एक युक्ती केली आहे, ती कुठल्या शिबिरातली नाही. कुकरची शिट्टी झाली की हातातलं काम चालू ठेवूनच बघायचं: आत्ता श्वास आत की बाहेर? बस. त्यासाठी डोळे मिटायचे नाहीत, कुणाला कळतही नाही. ज्यांचा स्वयंपाकघराशी संबंध नाही त्यांनी लिफ्टचं दार घ्यावं, लाल सिग्नल घ्यावा, कुठलीही आपोआप येणारी खूण चालते. स्वतः लावलेला गजर मात्र नको, आठ दिवसांत आपण तो झोपेतही बंद करायला शिकतो.

काल वरणाच्या तीन शिट्ट्या घेतल्या. पहिलीला श्वास आत होता, दुसरीला बाहेर. तिसरी झाल्याचं मुलीने हाक मारून सांगितलं, मी घंगाळापाशी होते.